तळटीप १४ : वाकळ

१४. वाकळ : जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकमेकांवर अंथरून ते हाताच्या धावदोऱ्याने सांधून केलेले पांघरूण; ‘गोधडी’ हा शब्दही याच अर्थी चालतो. प्रत्यक्ष वाकळीत सुईचा एकच टाका सगळ्या थरांतून आरपार जातो, आणि मूळ मजकुरात उल्लेखिलेल्या ‘संगणकावरच्या वाकळी’चा भेद नेमका इथेच आहे. ‘क्लो’सारख्या त्रिमित वस्त्ररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थर हा स्वतंत्र तुकडा असतो, बाहेरच्या थराला मोठा लेअर-क्रमांक द्यावा लागतो (एरवी कापडे एकमेकांत घुसतात), आणि थरांवर सारख्याच अंतर्गत रेषा आखून त्या जोडीजोडीने, म्हणजे वरच्या थराची मधल्याशी व मधल्याची खालच्याशी, अशा शिवाव्या लागतात. त्याच सॉफ्टवेअरमधील ‘टॉपस्टिच’ ही मात्र केवळ दिसण्यापुरती टीप होय. तिने दोऱ्याचा रंग, जाडी व टाक्याची लांबी पडद्यावर उमटते, थर सांधले जात नाहीत. मूळ मजकुरातील ‘टीप घातली, पण वाकळ सुटी राहिली’ हे वाक्य या अर्थाने घ्यावे. त्यात शिवणाऱ्या बाईच्या हातावर ठपका नाही.