बारावी चाल

साल 1949, शहर लेनिनग्राड. 872 दिवसांचा वेढा उठून पाच वर्षं झालीत. तुम्ही एका पटाच्या कडेला उभे आहात. पांढरी मोहरी खेळतोय बारा वर्षांचा बोरिस स्पास्की. युद्धात त्याला किरोव्हकडच्या बालगृहात हलवलं होतं. बुद्धिबळ तो त्याच काळात शिकला. परतल्यावर पायोनियर पॅलेस या मुलांच्या केंद्रातले प्रशिक्षक व्लादिमीर झाक यांनी त्याला हाताखाली घेतलं. समोर अव्तोनोमोव.

बोलायचं नाही. फक्त बघा.

क्वीन्स गॅम्बिट आहे. काळ्यानं सी४वरचं प्यादं खाल्लं, उंटानं ते वसूल केलं. मग काळ्याची प्यादी वजिराच्या बाजूनं ए६, बी५ अशी धावत सुटली. दिसायला छान, पण स्पास्कीचा किल्लेकोट सहाव्या चालीलाच झालाय, काळ्याचा राजा मात्र मधोमध उघडा. नवव्या चालीला काळा डी४वरचं प्यादं खातो. माझ्या मते डाव इथेच बिघडला. कारण स्पास्की शांतपणे हत्ती डी१वर सरकवतो. आता त्या प्याद्यानं सी३वरचा घोडा खाल्ला, तर उभी पट्टी मोकळी होऊन काळ्याचा वजीरच पडेल!

काळा सावध होतो, घोडा खात नाही; स्पास्की ई-प्याद्यानं डी४ परत घेतो, मग काळा आपला घोडा बी४वर आणतो. डी५ या घरावरचा त्याचा पहारा मोजा: दोन घोडे, एक उंट, एक प्यादं, मागे वजीर. असं घर कुणी छेडेल?

बारावी चाल: प्यादं डी५. नेमकं तिथेच.

काळा घोड्यानं ते खातो. लगेच पांढरा उंट जी५वर येऊन दुसरा घोडा जखडतो आणि पुढच्याच चालीला त्याला मारतो. काळ्याला जी-प्याद्यानं उंट खावा लागतो, राजापुढची प्यादी फाटतात. डी५वर मोहऱ्यांची अदलाबदल होते, शेवटी तिथे काळं प्यादं उरतं. सतराव्या चालीला अव्तोनोमोव राजा एफ८वर सरकवतो. घर फुटल्यावर कुलूप लावण्यासारखंच ते.

पांढरा घोडा डी४वरून एफ५वर झेपावतो. काळा एच५वर प्यादं ढकलतो. स्पास्कीचा हात हत्तीकडे जातो, आणि डी५वरचं प्यादं खाऊन हत्ती थेट वजिराच्या तोंडी बसतो.

काळा वजीर तो खातो; पांढरा वजीर ई७वरचा उंट खातो, शह, राजा जी८, वजीर एफ६वरचं प्यादं खातो, आणि जी७वरची मात समोर दिसते.