तीन मतांचं फिन्सबरी

दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. भारताचे पितामह, आर्थिक निःसारणाचा सिद्धांत आणि ब्रिटिश खासदारकी... एवढं लिहिलं की मार्क मिळाले. पण त्यांना निवडून दिलं कोणी? भारतात तर त्या निवडणुकीसाठी एकालाही मत नव्हतं. मग ती माणसं कोण, कुठली, आणि त्यांना दादाभाईंचं काय पडलं होतं?

त्या मतदारसंघाचं नाव फिन्सबरी सेंट्रल. तो आता नकाशावर नाही. (आजच्या फिन्सबरी पार्क स्टेशनशी त्याची गल्लत करू नका. ते पार बरंच उत्तरेला आहे. जुन्या फिन्सबरी मतदारसंघातल्या लोकांसाठी बाग हवी म्हणून ते पार्क झालं आणि नाव तिकडे गेलं.)

मूळ फिन्सबरी मतदारसंघ १८३२ च्या सुधारणा कायद्याने तयार झाला. त्याला दोन खासदार होते आणि त्याची ख्याती पहिल्यापासून बंडखोर अशी. 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक सुरू करणारा थॉमस वॅकली इथलाच खासदार. सर्व पुरुषांना मताधिकार मागणारा चार्टिस्टांचा १८४२ चा प्रचंड अर्ज पार्लमेंटात मांडणारा थॉमस डन्कोम्बही इथलाच. १८८५ मध्ये या मतदारसंघाचे तुकडे झाले. त्यातला क्लर्कनवेल भागाचा तुकडा म्हणजे फिन्सबरी सेंट्रल.

क्लर्कनवेल म्हणजे कारागिरांची वस्ती. घड्याळं, दागिने, छपाई. एकाच घड्याळाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या घरांत बनायचे. कोणी चाकं करायचा, कोणी तबकडी रंगवायचा. स्विस आणि अमेरिकन स्वस्त घड्याळं येऊ लागली तशी या धंद्याला उतरती कळा लागली होती. दादाभाई मतं मागायला गेले ते अशा गल्ल्यांमध्ये.

त्याआधी १८८६ मध्ये त्यांनी शेजारच्या होबर्नमधून निवडणूक लढवून पाहिली होती. कर्नल डंकन यांना ३६५१ मतं, दादाभाईंना १९५०. दोन वर्षांनी पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिंबरोच्या भाषणात त्या निकालाबद्दल बोलताना म्हणाले की, काळ्या माणसाला निवडून देण्याइतका ब्रिटिश मतदारसंघ अजून पुढे गेला असेल असं वाटत नाही. त्यावर इतका गदारोळ उठला की ज्यांनी दादाभाईंचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनाही ते माहीत झालं. खुद्द सॉल्झबरींपेक्षा दादाभाईच गोरे आहेत, अशीही चेष्टा झाली.

तरी फिन्सबरी सेंट्रलमध्ये वाट सोपी नव्हती. लिबरल पक्षाच्या उमेदवारीसाठीच वर्षानुवर्षं भांडण चाललं. रिचर्ड ईव्ह नावाचा पक्षातलाच प्रतिस्पर्धी हटायला तयार नव्हता. समोर कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार होते कॅप्टन पेंटन. ज्या घराण्याच्या जमिनीवर पेंटनव्हिल वसलं, त्याच घराण्यातले. म्हणजे एका बाजूला वस्तीचा जमीनदार आणि दुसऱ्या बाजूला मुंबईचा ६६ वर्षांचा पारशी म्हातारा!

जुलै १८९२ चा निकाल असा लागला: दादाभाई २९५९, पेंटन २९५६. आधी पाच मतांची आघाडी जाहीर झाली होती, फेरमोजणीत ती तीनवर आली. इंग्लंडातल्या विनोदी लोकांनी 'नौरोजी'चं 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकलं.

मला या तीन मतांपाशी नेहमी थांबावंसं वाटतं. त्या काळी ब्रिटनमध्ये बायकांना मत नव्हतं, आणि पुरुषांपैकीही सुमारे चाळीस टक्क्यांना नव्हतं. भाडेकरूला मतदार व्हायचं तर वर्षभर एका जागी राहावं लागे. घर बदललं की बऱ्याचदा नाव गेलं. क्लर्कनवेलमधली तीन बिऱ्हाडं त्या साली हलली असती तर आपल्या पुस्तकातला एक परिच्छेद कमी झाला असता.

आणि ज्यांनी मतं दिली त्यांनी ती काही फक्त भारतासाठी दिली नव्हती. आयर्लंडचं होमरूल, कामाचे तास, लंडनचा कारभार हे त्यांचे प्रश्न होते. दादाभाईंना याची पुरती जाणीव होती. पहिल्याच भाषणात त्यांनी फिन्सबरी सेंट्रलच्या मतदारांचे आभार मानले. पण डोळा भारतावर होता. सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडबरोबर भारतातही घ्याव्यात, हा ठराव १८९३ मध्ये कॉमन्समध्ये ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सरकारने तो सरळ बासनात गुंडाळून ठेवला. आणि १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले.

त्यात मतदारांचा काय दोष? ज्या देशासाठी ते बोलत होते, त्या देशाला त्यांना पुन्हा निवडून देता येत नव्हतं. आवाज होता, पण तो उसन्या मतांवर. मतं देणाऱ्यांनी ती परत घेतली की आवाजही गेला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली, तिच्यामागे हा अनुभवही असणार असं मला वाटतं.

दादाभाई ३० जून १९१७ ला गेले. फिन्सबरी सेंट्रल १९१८ साली रद्द झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जवळजवळ सगळ्या प्रौढ पुरुषांना आणि तिशीपुढच्या बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं. आपल्याकडे ती पाळी यायला १९५१-५२ उजाडलं, पण आली तेव्हा सगळ्या प्रौढांना एकदमच आली.

आज क्लर्कनवेलमध्ये नौरोजी स्ट्रीट नावाचा छोटासा रस्ता आहे आणि मुंबईत फोर्टमधला गजबजलेला डी. एन. रोड. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवशी 'माझ्या एका मताने काय होणार' असं कोणी म्हणालं की मी हल्ली वाद घालत नाही. त्या २९५९ घड्याळवाल्यांची आणि छपाईवाल्यांची गोष्ट सांगतो. पटलं तर पटलं. असो.