कायद्याची रेषा आणि कारागिराचा हात

कलेच्या क्षेत्रात परंपरा आणि नवविचार यांचा वाद निघाला, की दोन्ही पक्ष परंपरेचा उल्लेख वडिलोपार्जित मिळकतीसारखा करतात. एकाला ती जशीच्या तशी राखावयाची असते, दुसऱ्याला विकून मोकळे व्हावयाचे असते. आमच्या मते या दाव्याची मांडणीच सदोष आहे. परंपरा मिळकतीपेक्षा वहिवाटीला अधिक जवळची असते. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे ये-जा करतात, म्हणून तेथे वाट होते. जाणे-येणे थांबले, की तिच्यावर गवत माजते. हे म्हणणे एखाद्या प्रत्यक्ष प्रकरणावर पारखून घेणे बरे, आणि त्यासाठी गोव्याच्या ख्रिस्ती कलेइतके उद्‌बोधक प्रकरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. १५४० नंतर तिसवाडीतील, आणि पुढे बारदेश व साष्टीतील देवळे पाडली गेली आणि ठिकठिकाणी चर्चे उभी राहिली. चर्च म्हटले की वेदी आली, मूर्ती आल्या, प्रवचनाचे व्यासपीठ आले. हे सारे जहाजातून लिस्बनहून आणणे शक्य नव्हते. साहजिकच काम येथल्याच सुतारांकडे, चिताऱ्यांकडे आणि हस्तिदंत कोरणाऱ्यांकडे आले, आणि त्यांपैकी अनेक जण अद्याप हिंदू होते. देव्हारे घडवणाऱ्या हातांनी सायबिणीची मूर्ती घडवावी, हे राज्यकर्त्यांना आणि धर्माधिकाऱ्यांना खुपले. ख्रिस्तेतर कारागिरांनी ख्रिस्ती प्रतिमा करू नयेत, अशा मनाया सोळाव्या शतकात एकाहून अधिक वेळा निघाल्या. एकच मनाई पुन्हा काढावी लागते, तेव्हा ती पाळली जात नसते, हे अनुमान काढण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

मागे उरलेल्या वस्तूंची साक्ष तर याहून स्पष्ट आहे. सतराव्या शतकातील गोमंतकीय हस्तिदंती कामात ‘उत्तम मेंढपाळ’ हा विषय वारंवार येतो. बाल येशू एका डोंगरवजा उंचवट्यावर बसलेला असतो. गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले, मांडीवर किंवा खांद्यावर कोकरू. विषय बायबलातला आहे. पण ती मिटल्या डोळ्यांची निश्चल बैठक पाहून ध्यानस्थ बुद्धाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कित्येक चर्चांतील लाकडी व्यासपीठांना खालून आधार देणाऱ्या स्त्रीमूर्ती आपल्या नागकन्यांशी नाते सांगतात.

हा व्यवहार एकतर्फीही नव्हता. फोंडे महाल पोर्तुगीज हद्दीबाहेर होता, तेव्हा तेथे आश्रयास गेलेल्या देवांसाठी पुढे मोठी देवालये बांधली गेली. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा यांच्या वास्तूंकडे पाहा: अष्टकोनी बैठकीवरचे घुमट, अर्धवर्तुळाकार माथ्याच्या खिडक्या, भिंतीत बसवलेले अर्धस्तंभ. ज्यांच्या भयाने देव हलवले, त्यांच्याच वास्तुशैलीतील सोयीचे व शोभेचे ते देवाच्या घरासाठी घेण्यात त्या गवंड्यांना काही विपरीत वाटले नाही. वाङ्‌मयातही हेच घडले. फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून घेतले, ते मराठी ओवीत. नवा धर्म सांगावयाचा, तर श्रोत्याच्या कानाला ओळखीचा छंद हवा, हे त्याने जाणले होते.

तथापि या कारागिरांनी कसलाही सिद्धान्त मांडला नव्हता. तो मांडला विसाव्या शतकात, आणि त्याची किंमत एका चित्रकाराने मोजली.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये सांत इस्तेव बेटावर, सुखवस्तू कॅथलिक कुटुंबात झाला. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथल्या पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणात मन रमेना, म्हणून बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. १९३१ च्या सुमारास गोव्यात परत येऊन त्यांनी आपल्या धर्मातील विषय आपल्या देशाच्या रूपात रंगवण्यास आरंभ केला. त्यांची मरिया साडी नेसलेली, सावळी, आपल्या घरादारांत वावरणारी स्त्री आहे. या चित्रांना गोव्यात कडवा विरोध झाला. अखेर ते पुण्यास आले आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. आश्रम अँग्लिकन, चित्रकार कॅथलिक. परंतु ज्याला स्वतःच्या पंथाने दार लावले होते, त्याला शेजारच्या पंथाने ओसरी दिली. फादर हेरास यांच्यासारख्या इतिहासकार जेझुइटाने त्यांना उत्तेजन दिले, हेही नमूद केले पाहिजे.

विरोधकांची बाजू ऐकून न घेता निकाल देणे आमच्या व्यवसायाला शोभणार नाही. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाने निळ्या झग्यातली गोरी मरिया जवळजवळ चारशे वर्षे पूजिली होती. तिच्यापुढे त्याच्या आजीने मेणबत्त्या लावल्या, तिच्यापुढे मुलांचे बाप्तिस्मे झाले. ती मुळात परकी असली, तरी वहिवाटीने त्याची झाली होती. त्याच्या दृष्टीने परंपरा तीच. साडीतली मरियाच परकी. शिवाय १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने पोर्तुगालने आपली साम्राज्यवादी भूमिका अधिकच आवळली होती; अशा वेळी भारतीय वेषातील मरियेकडे केवळ चित्र म्हणून पाहिले जाणे कठीणच होते.

दुसऱ्या बाजूलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. फोन्सेका यांनी बंगालमधून आणलेली ‘भारतीय’ शैली तरी किती जुनी? अवनींद्रनाथांनी अजिंठा आणि मोगल लघुचित्रे यांच्याकडे पाहिले, हे खरे. पण रंगाचे ओले थर देऊन धूसर वातावरण साधण्याची रीत त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांपासून घेतली. म्हणजे जी नवी म्हणून नाकारली गेली, तिचा दावा प्राचीनतेचा होता. जी प्राचीन म्हणून राखली गेली, ती समुद्रापलीकडून आलेली होती. जुने कोणते आणि नवे कोणते, याचा निवाडा केवळ उगमाच्या तारखेवरून करू पाहणाऱ्याला येथे हात टेकावे लागतात.

मग कसोटी कोणती? आपल्या सुखाधिकारविषयक कायद्यात वहिवाटीने मिळणाऱ्या हक्काच्या अटी सांगितल्या आहेत: वापर उघड हवा, शांततेने हवा, हक्क म्हणून हवा आणि खंडाशिवाय हवा. जुन्या कारागिराने आपली वाट मनाईच्या आडून चालवली. फोन्सेका यांनी तीच वाट उघडपणे, आपले नाव खाली लिहून, आणि हक्क म्हणून चालवली. आमच्या मते त्यांचे आधुनिकत्व साडीत नाही, या उघडपणात आहे. आपला धर्म आणि आपला देश यांपैकी एक निवडण्याची सक्ती त्यांनी मानली नाही.

त्यांच्या हयातीतच निवाडाही झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयक संविधान जाहीर केले. चर्चने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, सर्व लोकांच्या कलेला तेथे वाव असावा, असा त्याच्या कलाविषयक कलमाचा आशय आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, फोन्सेका निवर्तले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. चित्रकाराला जे परतणे साधले नाही, ते चित्रांना साधले.

निकाल अनुकूल झाला म्हणून वाट आपोआप रुळत नाही. संग्रहातील चित्र जपले जाते, पण वहिवाट चालते ती उपासनेच्या आणि रोजच्या जगण्याच्या जागी. आजही देवळाच्या घुमटाचे मूळ कोणते, ओवी कोणाची, साडी कोणत्या धर्माची, असे दावे मांडणारे आहेत, आणि प्रत्येकाला आपल्या बांधावर कुंपण हवे आहे. त्यांनी एकदा जुन्या गोव्यातला तो मिटल्या डोळ्यांचा मेंढपाळ पाहावा आणि मग मंगेशीच्या घुमटाखाली जाऊन उभे राहावे. ज्यांनी हे घडवले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांनी पाडलेली वाट मात्र अजून मोडलेली नाही. ती चालती ठेवणे आपल्या हाती आहे.