घरच्या घरी वर्कशॉप : बेंच कसा लावायचा आणि ड्रिल मशीन कोणतं घ्यायचं?

शॉपिंग अॅपवर ‘ड्रिल मशीन’ असं शोधून बघा. ४८ व्हीएफ, २१ व्ही, ६५० वॅट, १०० पीस किट, सोबत बॅग फ्री. सगळ्यांना चारच्या वर स्टार! यातलं कोणतं घेऊ, असं मित्र विचारतात तेव्हा मी त्यांना उलट प्रश्न करतो : भोक कशात पाडायचंय? याचं उत्तर मिळालं की निम्मी यादी आपोआप गळते. या लेखात आपण त्याच क्रमाने जाऊ. आधी भिंत, मग मशीन, मग बिट आणि शेवटी बेंच.

आधी तुमची भिंत ओळखा

प्लास्टरखाली काय आहे ते बाहेरून दिसत नाही. पण कोपऱ्यात, नजरेआड एक छोटं भोक पाडलं की भुकटीच सांगते :

- लाल भुकटी : विटेची भिंत. कोकणात असाल तर जांभ्याचा चिराही असू शकतो. दोन्हीकडे साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं.
- करडी भुकटी आणि बिट पुढे सरकेना : आरसीसी, म्हणजे काँक्रीट. कॉलम, बीम आणि स्लॅब याचेच असतात. अनेक नव्या टॉवरमध्ये तर अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात.
- पांढरट, मऊ भुकटी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत : एएसी ब्लॉक. इथे हॅमर मोड बंदच ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन स्क्रू सैल बसतो. प्लगही एएसीसाठी बनवलेलाच घ्या.

मशीनचे तीन प्रकार

पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असलेल्या ड्रिलचं अमेरिकन पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळालं. बाहेरचा आकार आजही जवळपास तोच आहे. फरक आत आहे.

१. साधं ड्रिल / ड्रिल ड्रायव्हर : फक्त फिरतं. लाकूड, प्लायवूड, पत्रा आणि स्क्रू लावणं यासाठी. बॅटरीवाल्या ड्रायव्हरला पुढे आकडे लिहिलेली रिंग असते, तो क्लच. ठरलेला जोर झाला की तो ‘कट-कट’ करून सुटतो, त्यामुळे स्क्रूचं डोकं खराब होत नाही.

२. इम्पॅक्ट ड्रिल : दुकानदार यालाच ‘हॅमरवालं’ म्हणतात. आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिट फिरता फिरता थरथरतं. ठोका बसायला मागून जोर मात्र तुम्हालाच द्यावा लागतो. विटेला उत्तम. काँक्रीटमध्ये एखाददुसरं ६ मिमीचं भोक पडेल, पण दहा भोकं पाडायची तर हात भरून येतील.

३. रोटरी हॅमर : याच्या आत पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतल्या हातोड्याला पुढे फेकते. इथे ठोका मशीन मारतं, तुम्ही फक्त सरळ धरायचं. काँक्रीटचा खरा इलाज हाच. याला ‘एसडीएस प्लस’ दांड्याचं बिट लागतं, साधं गोल दांड्याचं बिट थेट बसत नाही. मशीन जड असतं, त्यामुळे लाकडातल्या नाजूक कामाला उपयोगाचं नाही.

लक्षात ठेवा, इम्पॅक्ट ड्रिल आणि ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ या वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर हे स्क्रू आणि बोल्ट आवळायचं मशीन आहे, त्याचे ठोके गोल फिरण्याच्या दिशेने बसतात. भिंतीसाठी ते घेऊ नका.

व्होल्ट, वॅट, एमएएच : आकड्यांचा खेळ

फोन घेताना आपण एमएएच बघतो. ड्रिलच्या बॅटरीत तेवढ्यावर भागत नाही. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा धरतात आणि पूर्ण चार्ज झाला की तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल एकामागे एक जोडले की ३.६ × ५ = १८ व्होल्ट. पूर्ण चार्ज असताना तेच ४.२ × ५ = २१ व्होल्ट. म्हणजे एका डब्यावर १८ व्ही, दुसऱ्यावर ‘२० व्ही मॅक्स’ आणि तिसऱ्यावर २१ व्ही असलं, तरी आत पाचच सेल असतात.

मग ४८ व्हीएफ काय? स्वस्त मशीनवर छापलेला हा आकडा व्होल्ट आहे असं धरूच नका. खरी गोष्ट चार्जरवर लिहिलेली असते. चार्जरचं आउटपुट २१ व्होल्ट असेल तर सेल पाच, १२.६ व्होल्ट असेल तर तीन. खरेदीआधी चार्जरच्या लेबलचा फोटो मागा किंवा रिव्ह्यूमधल्या फोटोत शोधा.

बॅटरी किती टिकेल हे बघायचं तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. १८ व्होल्ट × २ एएच = ३६ वॅट-अवर. तुमच्या ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-अवर असते. म्हणजे २००० एमएएच लिहिलेल्या ड्रिलच्या बॅटरीत फोनच्या जवळपास दुप्पट ऊर्जा आहे!

वायरच्या मशीनवर वॅट लिहिलेले असतात, पण ते मशीन किती वीज खातं ते सांगतात. घरकामाला ५०० ते ६५० वॅट पुरे. त्यापेक्षा या तीन गोष्टी बघा : चक १३ मिमीचा आहे का, खटका दाबावा तसा वेग कमी-जास्त होतो का, आणि बाजूची मूठ सोबत येते का.

बिट : स्वस्त किट इथेच फसतं

१०० पीसच्या किटमध्ये बहुतेक स्क्रूड्रायव्हरची टोकं आणि प्लग भरलेले असतात. त्यापेक्षा चांगली सुटी बिट घ्या :

- भिंतीसाठी : टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा असलेलं मेसनरी बिट, ६ आणि ८ मिमी. प्लगही, म्हणजे दुकानातली ‘गिट्टी’, त्याच मापाचा घ्या.
- धातूसाठी : एचएसएस बिट. वेग कमी ठेवा आणि तेलाचा थेंब टाका.
- लाकडासाठी : मधे टोकदार अणी असलेलं बिट, म्हणजे खुणेवरून घसरत नाही.
- टाइलसाठी : भाल्याच्या टोकासारखं कार्बाइड बिट. खुणेवर मास्किंग टेप लावा आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा.

बेंच : तुमचा तिसरा हात

पट्टी हातात धरून तिला भोक पाडणं ही घरकामातली सर्वात धोक्याची सवय. बिट पलीकडे निघताना अडकतं आणि अख्खी पट्टी पात्यासारखी गरकन फिरते. म्हणून बेंच ही चैन समजू नका. तो मोठा नसला तरी चालेल, हलायला मात्र नको.

- माप : ४ × २ फूट पुष्कळ झालं.
- उंची : सरळ उभे राहा, हात खाली सोडा. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर ही तुमची उंची. बहुतेकांची ८० ते ९० सेंमीच्या दरम्यान येते.
- वरची फळी : १८ मिमीचे दोन प्लायवूड चिकटवून स्क्रू मारा. ३६ मिमीची जाड फळी तयार.
- पाय : ३ × ३ इंची लाकूड किंवा रॅकचे भोकं असलेले लोखंडी अँगल. मागच्या बाजूला तिरकी पट्टी मारा, डुगडुगणं थांबतं.
- पकड : एक बेंच व्हाइस आणि दोन एफ क्लॅम्प. पैसे कमी असतील तर आधी क्लॅम्प घ्या.

जागा नसेल तर बाल्कनीच्या भिंतीला फोल्डिंग ब्रॅकेटवर फळी लावता येते. माझ्या बाल्कनीत अशीच आहे, काम झालं की खाली पाडून ठेवतो. भोक पाडताना वस्तूखाली टाकाऊ प्लायचा तुकडा ठेवा, म्हणजे पलीकडून लाकूड फाटत नाही. बेंचजवळच्या सॉकेटच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

फोन कुठे मदत करतो, कुठे नाही?

लेव्हल अॅप चांगलं काम करतं. तपासायचं तर फोन शेल्फवर ठेवून आकडा बघा, मग फोन उलट तोंडाने फिरवून त्याच जागी ठेवा. दोन्ही वेळा उतार तेवढाच आणि त्याच बाजूला दिसायला हवा.

‘मेटल डिटेक्टर’ अॅपवर मात्र जीव टांगू नका. ते फोनच्या होकायंत्राचा सेन्सर वापरतं. त्याला भिंतीतली लोखंडी सळई कदाचित कळेल, पण तांब्याची वायर आणि पीव्हीसीचा पाइप कळत नाही. आणि धोका नेमका त्या दोघांचाच आहे. म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. नळाच्या वर-खालीही नाही. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी बंद करा. बॅटरीचं ड्रिल इथे कामाला येतं. बिट सळईला लागलं तर जोर लावू नका, भोक थोडं बाजूला घ्या. घराचं काम चालू असेल तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. ते फोटो कोणत्याही अॅपपेक्षा खरे.

सुरू करण्याआधी

डोळ्यांवर गॉगल हवाच. हातमोजे, ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस फिरत्या बिटपासून लांब ठेवा. कानातले इयरबड म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे, साधे फोमचे इयरप्लग घ्या. बिट बदलताना प्लग काढा किंवा बॅटरी वेगळी करा. बॅटरी उन्हातल्या बाल्कनीत ठेवू नका.

मग घ्यायचं काय?

भिंती विटेच्या असतील आणि वर्षातून चार-पाचदाच काम निघत असेल, तर १३ मिमी चकचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. नावाजलेल्या कंपनीचं साधारण २ ते ४ हजारांत येतं आणि बॅटरी म्हातारी होण्याची भीती नाही. फर्निचर, छोटे प्रोजेक्ट, स्क्रूचं काम जास्त असेल तर १२ व्होल्टचं ड्रिल ड्रायव्हर. भिंती काँक्रीटच्या असतील आणि तीन-चारच भोकं हवी असतील, तर रोटरी हॅमर विकत न घेता एका दिवसासाठी भाड्याने आणा. वाचलेल्या पैशात क्लॅम्प आणि चांगली बिट येतील.

तुमच्या घराची भिंत कोणती निघाली? आज कोपऱ्यातली भुकटी बघा, मगच कार्ट भरा.