मोटारसायकलस्वाराची अवघड विद्या

मोटारसायकल चालविणे ही धाडसाची गोष्ट आहे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. ज्याची छाती मोठी तो उत्तम स्वार, आणि जो पडला तो एक तर दुर्दैवी किंवा उतावळा, एवढ्यावर आपला न्यायनिवाडा संपतो. वस्तुतः ही छातीची नव्हे, हाताची आणि डोळ्यांची विद्या आहे. आणि लेथवरच्या कामाप्रमाणे तीही शिकविल्यावाचून पुरती येत नाही. हे जगाला कसे आणि किती उशिरा उमगले, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

१८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून एक दुचाकी तयार केली. तिला दोन्ही बाजूंस आधाराची लहान चाके होती. म्हणजे त्या पहिल्या स्वाराला तोल सांभाळण्याची चिंता फारशी नव्हती. १८९४ पासून म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांच्या गाड्या विक्रीस येऊ लागल्या. त्यांना आधाराची चाके नव्हती. गाडी कलवून वळविणे स्वाराला भाग पडले, आणि पहिली अवघड विद्या येथे सुरू झाली.

ही विद्या म्हणजे उलट्या हँडलाची. गाडी वेगात असताना डावीकडे वळावयाचे तर डावी मूठ किंचित पुढे रेटावी लागते. त्यामुळे पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडीचा भार डावीकडे कलतो, आणि मग चाक आपसूक डावीकडे वळते. ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी १८६९ सालीच सायकलीच्या संदर्भात हे लिहून ठेवले होते. विमान उडविणारे विल्बर राइट मूळचे सायकलीचे कारागीर. डावीकडे कसे वळता, असे त्यांनी अनेक सायकलस्वारांना विचारले, तेव्हा पहिल्या खेपेस बरोबर उत्तर देणारा त्यांना कोणी भेटला नाही. हाच प्रश्न मी आमच्या युनियनच्या कचेरीत तरुण कामगारांना विचारून पाहिला. सगळे रोज गाडी चालविणारे. पण उत्तर तेच, ‘डावीकडे हँडल फिरवतो.’ हात करतो ते डोक्याला ठाऊक नसते. एरवी यावाचून अडत नाही. परंतु समोर अकस्मात मोटार आली, की घाबरलेले डोके हाताचा ताबा घेते, आणि ज्या बाजूला पळावयाचे त्याच बाजूला हँडल ओढते. गाडी नेमकी उलट दिशेला कलते.

दुसरी विद्या पुढच्या ब्रेकची. ‘पुढचा ब्रेक धरू नकोस, उलटशील,’ हा उपदेश आपल्याकडे बापाकडून लेकाला मिळतो. त्यात अर्धे सत्य आहे. ब्रेक लागला की सारा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून गाडी थांबविण्याची खरी ताकद तेथेच असते, आणि मागचे हलके झालेले चाक लवकर घसरते. पण ती ताकद झटक्याने मागितली तर पुढचे चाक अडकून स्वार खाली येतो. मूठ हळूहळू, भार पुढे येईल तसतशी आवळावी लागते. भीतीच्या क्षणी हात हळू चालविणे, यापरते अवघड काय असेल?

या सगळ्याचा सप्रमाण ताळेबंद १९८१ साली अमेरिकेत मांडला गेला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी लॉस एंजेलिसच्या परिसरातील ९०० अपघातांच्या जागी प्रत्यक्ष गेले होते. स्वाराला सावरण्यासाठी साधारणतः दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो, असे त्यांना आढळले. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबला, पुढचा कमी वापरला, आणि हँडल उलटे रेटून बगल देणे कोणाला जवळजवळ साधलेच नाही. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वार आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती विसरू नये: दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोनतृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती.

विद्या कितीही असली तरी माणूस पडतोच. अरबस्तानातील लढ्यामुळे नावाजलेले टी. ई. लॉरेन्स हे मुरलेले स्वार होते. १३ मे १९३५ रोजी सायकलवरच्या दोन मुलांना चुकविताना ते पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यवैद्याने पुढे लष्करी निरोप पोचविणाऱ्या स्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला. १९४१ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्यातील या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. सामान्य नागरिकांसाठी तो कायदा ब्रिटनमध्ये १९७३ साली आला. मधल्या बत्तीस वर्षांत ज्ञान होते, पण ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले होते.

चाक अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा बी.एम.डब्ल्यू.ने १९८८ साली मोटारसायकलला बसविली. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था पुरेशी मानली गेली. आता लहान गाडी कोणाची असते? रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराची, दारोदार जेवण पोचविणाऱ्या पोराची. ज्याच्या पोटाची सारी भिस्त दोन चाकांवर, त्याच्या हाती स्वस्तातला ब्रेक आणि शून्य शिक्षण.

आमच्या ओळखीचा असा एक पोरगा गेला तेव्हा त्याला काम देणाऱ्यांचे म्हणणे एकच होते, की वेग त्याचा होता. असेलही. पण वेळेचा हिशेब त्याच्या हातात नव्हता, आणि ते दोन सेकंद कसे वापरावेत हे त्याला कोणी शिकविले नव्हते. गिरणीतल्या यंत्रावर अडाणी माणूस उभा करून त्याचा हात तुटला, तर दोष हाताला देत नाहीत. हा न्याय कामगारांनी झगडून मिळविला आहे. तोच न्याय रस्त्यावर आणणे, एवढेच काम आता उरले आहे.