काचेचं छत

मी बँकेत कारकून आहे आणि वर पाहिलं की मला पंखा दिसतो. त्यामुळे बढतीच्या वाटेत 'काचेचं छत' आडवं येतं, असं इंग्रजीत म्हणतात हे प्रथम वाचलं तेव्हा मला त्या छताचा हेवाच वाटला. काच म्हणजे निदान उजेड तरी येत असेल!

मग खातं नीट उघडून पाहिलं. ही नोंद १९७८ सालची, न्यूयॉर्कची. महिलांच्या एका मेळाव्यात मेरिलिन लोडेन नावाच्या बाई व्यासपीठावर होत्या. टेलिफोन कंपनीत नोकरीला. बोलावणं खरं म्हणजे कंपनीतल्या एकुलत्या एका महिला व्हाइस प्रेसिडेंटना होतं. त्यांना जमेना, म्हणून या बदलीवर. चर्चेचा सूर असा, की बायका मागे राहतात कारण त्या स्वतःला कमी लेखतात. म्हणजे चूक खातेदाराचीच! लोडेनबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, खोट बायकांत नाही. वर न दिसणारं काचेचं छत आहे. १९८६ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये हा शब्द झळकला आणि सर्वतोमुखी झाला. १९९१ साली अमेरिकेने कायदा करून त्यावर आयोगच नेमला. १९९५ साली आयोगाचा हिशेब आला : बड्या कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत शंभरातले ९५ ते ९७ पुरुष!

आपल्याकडे स्टेट बँक झाली १९५५ साली. तिच्या अध्यक्षपदी पहिली महिला, अरुंधती भट्टाचार्य, आल्या २०१३ साली. ५८ वर्षं! एवढ्या मुदतीची ठेव आमच्याकडेही कुणी ठेवत नाही.

माझं छत सिमेंटचं आणि गवंडी मीच. बदलीच्या भीतीने मी अधिकाऱ्याची परीक्षा कधी दिलीच नाही. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमचं तसं नव्हतं. माझी कॅश जुळेना की फरक त्याच शोधून देतात. एकदा त्यांनी परीक्षेचा अर्ज आणला. मी आपुलकीने म्हणालो, "पण मॅडम, बदली झाली तर? मुलांची शाळा, सासूबाईंचं पथ्यपाणी..." त्यांनी अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिला.

मुलं मलाही आहेत. मला हा प्रश्न उभ्या नोकरीत कुणी विचारला नाही. काच दिसत नाही म्हणतात. त्या दिवशी ती चक्क माझ्या आवाजात बोलली.

यंदा परिपत्रक आलं तेव्हा ते मी स्वतः त्यांच्या काउंटरवर नेऊन ठेवलं आणि मुकाट्याने पेन पुढे केलं. त्या सही करता करता म्हणाल्या,

"आणि तुमचा अर्ज?"

मी पंख्याकडे पाहिलं.