कोल्हापूर संस्थान ते पंचगंगा खोरे : प्रादेशिक नवोन्मेषाचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

आजच्या व्याख्यानाचा विषय 'प्रादेशिक नवोन्मेष धोरण आणि शाश्वत विकास' असा जाहीर झाला आहे. नाव जरा जड आहे, त्यामुळे आधी ते सोपं करून घेऊ. एखाद्या भागात नवी यंत्रं, नवी पिकं, नवे धंदे का रुजतात आणि शेजारच्या भागात का रुजत नाहीत? त्यात सरकारचा वाटा किती? आणि जे रुजलं, ते तिथली माती आणि पाणी राखून रुजलं की खाऊन? एवढेच तीन प्रश्न आहेत.

पुस्तकात ही चर्चा बहुधा युरोपातून सुरू होते. आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात सांगितलं की एकाच धंद्याचे लोक एका गावात दाटीनं राहिले की कसब शिकवावं लागत नाही, ते आपोआप पसरतं. पुढे १९९० च्या दशकात फिलिप कुक वगैरे अभ्यासकांनी 'प्रादेशिक नवोन्मेष व्यवस्था' हा शब्द रूढ केला. कारखानदार, शिक्षणसंस्था, सरकार, पतपुरवठा यांचं एका प्रदेशातलं जाळं म्हणजे ही व्यवस्था. पण आपल्याला हे समजून घ्यायला इतकं लांब जायची गरज नाही. पंचगंगेच्या काठावर हा सगळा प्रयोग सव्वाशे वर्षं चालू आहे. आज आपण त्याचा हिशेब मांडू, जमेची बाजू आणि नावेची बाजू, दोन्ही.

सुरुवात राजर्षी शाहू महाराजांपासून करू. १८९४ साली त्यांच्या हाती कारभार आला आणि लगेच पुढच्या वर्षी, १८९५ ला, शाहूपुरीची पेठ वसवण्यात आली. शाहूपुरी म्हणजे प्रामुख्यानं गुळाची बाजारपेठ. आता बघा, गूळ काही नवा नव्हता. ऊस होता, गुऱ्हाळं होती. नव्हता तो हक्काचा बाजार. गुळाची ढेप विकायची कुठे आणि भाव कोण ठरवणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय शेतकरी उसाखाली जास्त जमीन कशाला आणेल? म्हणजे पहिलं पाऊल यंत्राचं नव्हतं, बाजाराचं होतं.

दुसरं पाऊल पाण्याचं. १८९९-१९०० च्या दुष्काळानं संस्थानाला चांगलाच धडा दिला होता. १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांचं धोरण आखलं गेलं आणि त्यातूनच भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचं काम उभं राहिलं. साधारण १९०७-०८ च्या सुमारास काम सुरू झालं. एका छोट्या संस्थानानं स्वतःच्या बळावर एवढं धरण बांधायला घेणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढे पैसा कमी पडला, काम अर्धवट थांबलं आणि धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचं १९५० चं दशक उजाडलं. महाराज १९२२ सालीच गेले होते. ज्यानं पाया घातला त्याला पूर्ण धरण बघायला मिळालं नाही. पाच वर्षांच्या मुदतीत धोरणाचं यश मोजणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

तिसरं पाऊल माणसांचं. १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं निघू लागली. १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय झाला. हे आपण सामाजिक सुधारणांच्या प्रकरणात वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण अर्थकारणाच्या प्रकरणातही ते वाचायला हवं. शेतकऱ्याचा, कारागिराचा मुलगा शाळेत गेला नाही तर हिशेबाची वही कोण ठेवणार? यंत्राचा नकाशा कोण वाचणार? पुढे ज्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांना सचिव आणि संचालक कुठून मिळाले असते?

याच्या जोडीला १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचेही प्रयोग झाले. ते फार काळ टिकले नाहीत. पण संस्थानानं ते करून बघितले, हे महत्त्वाचं. दहा गोष्टी केल्या की तीन-चार फसणारच.

आता जरा शेजारी डोकावू. इचलकरंजी ही कोल्हापूरची जहागीर. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. एका मागाचं पुढे एवढं मोठं वस्त्रनगर झालं की लोक त्याला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणू लागले. तिकडे औंध संस्थानानं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या बांधावर पोचला. औंधच्याच हद्दीत कराडजवळ ओगलेवाडीला काचकारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघरी गेला. औंध तर कोल्हापूरपेक्षाही लहान संस्थान. त्यांनी जागा दिली, थोडं भांडवल दिलं, आणि मुख्य म्हणजे कारखानदाराच्या कामात लुडबुड केली नाही.

म्हणजे या काळात एकाच टापूत धोरणाचे दोन नमुने दिसतात. कोल्हापूरचा नमुना बाजार, पाणी आणि शिक्षण असा पाया घालण्याचा. औंधचा नमुना धडपड्या माणसाला आसरा देण्याचा. आम्हाला असं वाटतं की या दोन्हींची गरज असते, पण पाया नसेल तर आसरा दिलेला कारखाना एकटा पडतो.

आता स्वातंत्र्यानंतर येऊ. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५० च्या दशकात राधानगरीचं पाणी आलं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याची वाट दाखवली होती. त्या वाटेनं इकडे रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा कारखाना आला, तात्यासाहेब कोऱ्यांचा वारणा कारखाना आला, आणि मग रांगच लागली.

इथला एक शोध फार कमी लोकांच्या ध्यानात असतो, तो म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. देशभरच्या इंजिनिअरांच्या बोलण्यात तो 'के. टी. वेअर' या नावानं असतो. नदीपात्रात दगडी खांब उभे करायचे आणि खांबांना खाचा ठेवायच्या. पावसाळा संपला की खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, टाकायच्या आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे की पूर आणि गाळ सरळ निघून जातो. कमी खर्चाचा, गावच्या माणसाला चालवता येणारा असा हा बंधारा. त्याला धरणासारखी गावं उठवावी लागत नाहीत.

बंधाऱ्यात अडवलेलं पाणी वर शेतात न्यायचं तर इंजिन हवं. ऑइल इंजिनं आली, बिघडू लागली, त्यांची दुरुस्ती करणारे मिस्त्री तयार झाले. दुरुस्ती करता करता सुटे भाग बनू लागले, सुट्या भागांसाठी ओतकाम सुरू झालं आणि मग अख्खं इंजिनच कोल्हापुरात होऊ लागलं. उद्यमनगर असं वाढलं. पुढे गावोगाव वीज आली आणि ऑइल इंजिनाची मागणी घटली. तेव्हा हे फाउंड्रीवाले बसून राहिले नाहीत. मोटारी आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगकडे वळले. मार्शल म्हणतो ते हेच. इंजिनाचा धंदा गेला, पण ओतकामाचं कसब गावात राहिलं, आणि त्या कसबानं दुसरा धंदा शोधला.

इथवर जमेची बाजू झाली. आता दुसरं पान उलटू.

ऊस हे वर्षभर शेतात उभं राहणारं पीक आहे आणि त्याला पाणी भरपूर लागतं. पाटाचं पाणी हाताशी आलं, वर कारखान्यानं उसाची हमी दिली. मग शेतकऱ्यानं ऊस सोडून दुसरं काही का लावावं? सगळ्यांनी उसच लावला आणि पाणी हात सैल सोडून दिलं. खाली शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या अलीकडे-पलीकडे, काळ्याभोर जमिनी मिठानं पांढऱ्या पडू लागल्या. त्यांना क्षारपड म्हणतात. ज्या पाण्यानं शिवार उभं केलं, त्याच पाण्यानं ते नासवलं.

नदीचं त्याहून वाईट झालं. कारखान्यातून साखरेबरोबर मळी निघते. मळी वाया घालवण्यापेक्षा तिच्यातून अल्कोहोल काढणं ही तर नवोन्मेषाची शाबासकीच. पण अल्कोहोल काढल्यावर जो काळा, उग्र वासाचा द्रव उरतो, तो नीट प्रक्रिया न करता नदीत गेला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्यात कोल्हापूर शहराचं सांडपाणी आलं, इचलकरंजीच्या कापडाच्या प्रोसेसिंगचं रंगीत पाणी आलं. मघाशी ज्या बंधाऱ्याचं कौतुक केलं, त्याच्याच अडवलेल्या पाण्यात ही घाण साचून राहू लागली. मेलेल्या माशांचा खच असल्याच्या बातम्या पंचगंगाकाठच्या लोकांना आता नव्या राहिलेल्या नाहीत.

याची किंमत कोणी मोजली? २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेच्या काठावर वसलेलं हे शहर पिण्याच्या पाण्यासाठी कृष्णेकडे गेलं. मग वारणेचं पाणी आणायची योजना निघाली, तर दानोळी आणि आसपासच्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेवरच्या सुळकूडची योजना आली, तिथेही शेतकरी उभे ठाकले. त्या गावांचंही चुकतं असं म्हणवत नाही. त्यांचा प्रश्न सरळ आहे : तुमची नदी तुम्ही नासवली, आता आमची का? आणि शहरातल्या यंत्रमाग कामगाराचाही प्रश्न तितकाच सरळ आहे : नदी मी नासवली का? मग चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट मीच का बघायची?

हे असं का झालं? लोक लोभी होते म्हणून, असं उत्तर सोपं आहे, पण ते अपुरं आहे. आमच्या मते खरं कारण संस्थांच्या आखणीत आहे. बघा, आपण बाजारासाठी पेठ काढली, नंतर बाजार समिती काढली. कर्जासाठी सोसायटी आणि जिल्हा बँक काढली. उसासाठी कारखाना, दुधासाठी संघ, पाणी उपसायला पाणीपुरवठा संस्था. प्रत्येक संस्थेला सभासद आहेत, ताळेबंद आहे, वार्षिक सभा आहे. नदीला यातलं काहीच नाही. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी एकत्र येऊन पंचगंगा होते, ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या सबंध खोऱ्याचा ताळेबंद मांडणारी, वरच्याला खालच्यासमोर जाब द्यायला लावणारी संस्था आपण उभारली नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, कोर्टात याचिका आहेत, पण ते घाण झाल्यावर. हिशेबात जो खर्च कोणाच्याच नावे पडत नाही, तो शेवटी सगळ्यात खालच्या माणसाच्या नावे पडतो.

दुरुस्ती होऊच शकत नाही असंही नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याचं काम हाती घेतलं आणि पडीक झालेल्या जमिनी पुन्हा पिकू लागल्या. यातली गंमत लक्षात घ्या. एका शेतकऱ्यानं आपल्याच रानात पाइप घालून भागत नाही. निचऱ्याचं पाणी पुढे नेणारी मुख्य वाहिनी दहा जणांच्या बांधावरून जाते. म्हणजे तंत्रापेक्षा संमती अवघड असते. ती मिळाली, कारण सहकाराची सवय आधीपासून होती.

दुसरं उदाहरण वारणेचं. १९९८ मध्ये केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून सत्तर गावांत संगणक बसवले. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून त्याची देशभर चर्चा झाली. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं तर शेतकरी त्यावर मुख्यतः ऊस किती भरला, खत किती मिळालं एवढंच बघत होते. तेवढं काम साध्या मोबाइलच्या संदेशावर होतं, हे त्यांनी काही गावांत करून दाखवलं. यंत्र आधी आणि गरज नंतर असा क्रम लावला की असं होतं. १८९५ च्या पेठेचा क्रम नेमका उलटा होता.

२०१८ मध्ये महाराष्ट्रानं नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण आणलं, त्यासाठी स्वतंत्र सोसायटी केली. चांगली गोष्ट आहे. पण असल्या धोरणाचं यश किती नवे उद्योग नोंदले आणि किती गुंतवणूक आली यावरच मोजलं, तर पंचगंगेच्या खोऱ्यात जे झालं ते दुसऱ्या खोऱ्यात होईल. प्रत्येक जिल्ह्याच्या नवोन्मेषाच्या हिशेबात दोन रकाने हवेतच : नदीचं पाणी गेल्या वर्षीपेक्षा सुधारलं की बिघडलं, आणि किती एकर जमीन क्षारपड झाली किंवा परत आली. आणि हा हिशेब मुंबईच्या फायलीत न राहता कारखान्याच्या वार्षिक सभेत, नदीकाठच्या ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे.

शाहू महाराजांच्या काळात पाणी कमी होतं, म्हणून पाणी अडवणं हे नवं काम होतं. आज पाणी अडलेलं आहे, पण ते पिण्याजोगं नाही. तेव्हा आजचं नवं काम ते स्वच्छ ठेवण्याचं आहे. राधानगरीचं धरण पूर्ण व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागली. हे कामही एका निवडणुकीत संपणारं नाही. पण त्याचा पाया आपल्याच काळात घालावा लागेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.